पिकअपला घातलेलं पंचामृत

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवीवर रुसले होते. पूजा चालू होती, शुक्रवारचा उपास चालू होता, पण मनात सारखं एकच यायचं, की आई, मी तुझं एवढं करते आणि तुला माझी एक गाडी चालू ठेवता येत नाही? कुणाला बोलून दाखवलं नाही. देवीवर रागावलेय असं सांगणार तरी कुणाला? पण राग होता, आणि तो पोटात ठेवून म्हटलेली आरती त्या माउलीला कळत नसेल असं थोडंच आहे!

गाडी म्हणजे आमची पिकअप. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, कडेकडेने भाजीपाला. सकाळी फुलं तोडायची आणि पंचवटीतल्या फूलबाजारात पोचवायची, हा आमचा संसार. पूर्वी फुलं दुसऱ्याच्या टेम्पोतून जायची. तो येईल तेव्हा यायचा, नेईल तसं न्यायचा, आणि मी घरी बसून वाट बघायची. मग आम्ही पिकअप घेतली. आमच्या ह्यांनी ती जेमतेम वर्षभर चालवली आणि मणक्याचं दुखणं उपटलं. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. आता चालवणार कोण? मी म्हटलं, मी. घरात सगळे हसले. हे तर इतके हसले की मणका धरून बसावं लागलं. पण मी शिकले. आधी बांधाला धडकवली, मग शेजारच्या कांद्याच्या चाळीला घासली, पण शिकले. आता गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी आपापल्या भाज्या घेऊन माझ्या शेजारी बसायच्या आणि आम्ही हसत-खिदळत बाजाराला जायचो. त्या गाडीने मला काय दिलं, ते एका वाक्यात सांगते. मला कुठे जायचं तर कुणाला विचारावं लागत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर ही चैन मिळाली होती हो मला!

आणि तीच गाडी दगा देऊ लागली. धड बिघडली असती तर दुरुस्त तरी झाली असती, पण हिचं सगळंच लहरी. सकाळी एका दणक्यात चालू व्हायची, दुपारी चावी फिरवली की नुसतं टक. दिव्यांचा उजेड कधी लख्ख, कधी काजव्यासारखा. हॉर्न दाबला की इंडिकेटर लागायचा. एकदा तर रामकुंडाच्या वळणावर मी हॉर्न दिला तर कडक उन्हात वायपर फिरायला लागला. समोरचा रिक्षावाला मान वाकडी करकरून बघत होता. आणि गॅरेजमध्ये नेली की काय बिशाद एक तक्रार करेल! मिस्तरीसमोर अशी गुणी बाळासारखी चालू व्हायची की मीच खोटी पडायची.

आमचे मिस्तरी सलीमभाई. माणूस प्रामाणिक, उगाच खर्चात पाडणारा नव्हे. त्यांनी आधी जुनी बॅटरी काढून नवी घातली. आठवडाभर बरं चाललं. परत टक. मग डायनामो उघडून बघितला, चार्जिंग नीट होतंय म्हणाले. सेल्फची मोटार काढून साफ केली. फ्यूज बदलले. शेवटी हात जोडून म्हणाले, "भाभी, अब मेरा दिमाग काम नहीं कर रहा. एखाद्या इलेक्ट्रिशियनला दाखवा." म्हणून पंचवटीतल्या एका गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने मीटर लावून वायरी तपासल्या, बोनेटमध्ये डोकं घालून अर्धा दिवस काढला आणि सांगितलं की कुठेच काही सापडत नाही.

माणसांनी हात टेकले की देवाकडे जायचं, एवढंच मला ठाऊक. तशी गाडी घेतली त्या दिवसापासून माझी दर शुक्रवारी तिची पूजा असायचीच. बोनेट उघडायचं, कारण गाडीचा जीव आत. बॅटरीशेजारी पत्र्यावर एक बोल्ट आहे, त्याला बॅटरीकडून आलेली काळी वायर बसवलेली. तो बोल्ट गोल, जरासा वर आलेला, अगदी देवीच्या तांदळ्यासारखा, म्हणजे देवी म्हणून पुजतात त्या गोल दगडासारखा दिसतो. पहिल्याच दिवशी मला वाटलं, आई इथेच बसली आहे. मग त्या बोल्टालाच मी हळदकुंकू लावायची, फूल वाहायची आणि नारळ फोडून त्याचं पाणी आधी त्याच्यावर घालायची. गाडी बंद पडायला लागल्यावर मी पूजा वाढवली. शुक्रवारच्या जोडीला मंगळवार धरला. नारळाच्या पाण्याच्या जोडीला पंचामृत आलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं घरचं, कशात काटकसर नाही. गाडी जास्त अडली की मी जास्त घालायची, आणि मी जास्त घातलं की ती आणखी अडायची. तेव्हा वाटायचं, आपलीच सेवा कमी पडते आहे.

नवरात्र तोंडावर आलं तसा ह्यांचा धीर सुटला. फुलांचा आमचा सगळा हंगाम म्हणजे नवरात्र आणि दसरा. एक दिवस जेवताना म्हणाले, "ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी ही रस्त्यात उभी राहिली तर भरलेला झेंडू आपण कुणाच्या गळ्यात घालणार? मी एका माणसाशी बोललोय. सोमवारी येऊन गाडी घेऊन जाईल. या हंगामाला टेम्पो लावू." मी ताट बाजूला सारलं. भांडले, रुसले, भांडी जोरजोरात आपटली. पण खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं खरं होतं. आणि टेम्पो लागला म्हणजे मी पुन्हा घरात, पुन्हा वाट बघणं, हेही स्पष्ट दिसत होतं.

शेवटी मी म्हटलं, "नवरात्राआधी फुलांचा पहिला तोडा आपण गडावर सप्तशृंगी आईला नेतो. या वर्षी तो मी याच गाडीतून नेणार. कुठे न अडता जाऊन आली तर गाडी राहील. अडली तर सोमवारी खुशाल देऊन टाका, मी चकार शब्द काढणार नाही. पण तुम्ही शेजारी बसायचं." हे म्हणाले, "कबूल. मग रडायचं नाही हां." मी म्हटलं, "रडतंय कोण!" आणि आत जाऊन आईच्या फोटोपुढे बसले. पैज ह्यांच्याशी लावली होती, पण माझ्या मनात ती देवीशीच लागली होती. आता बघू, तू माझी आहेस की नाहीस! असला उर्मटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

शुक्रवारी सकाळी झेंडूच्या पाट्या, नारळ, ओटीचं सामान आणि पंचामृताची बरणी घेऊन निघालो. पहिल्या चावीला गाडी चालू झाली. दिंडोरी मागे पडली. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे बाग, छाटणीचे दिवस, जागोजाग मजूर बायांचे घोळके. मी मनातल्या मनात सारखी जप करत होते आणि ह्यांना मात्र दिंडोरी सोडल्यापासून चहाची तल्लफ आली होती. मी ऐकू आलंच नाही असं दाखवलं. पण एक टपरी दिसली आणि हे हट्टालाच पेटले. मी म्हटलं, "इंजिन चालू ठेवते, तुम्ही पिऊन या." तर म्हणे, "गाडी धडधडत ठेवून चहा पितात का कुणी? लोकांना वाटेल चोरी करून पळालोय." झालं, केली बंद. चहा प्यालो. परत येऊन चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. समोरचे दिवे लुकलुकले आणि मालवले. मी म्हटलं, "चहा कुणाला हवा होता?" हे म्हणाले, "चावी कुणी बंद केली?" एरवी यावर तासभर भांडण रंगलं असतं, पण त्या दिवशी भांडायचंही जिवावर आलं. मी दार उघडून पायरीवर बसले आणि पदर डोळ्याला लावला. ह्यांनाही वाईट वाटलं असावं. पाठीवर थोपटत म्हणाले, "असू दे गं, लोखंडच आहे ते." आणि तिथे, टपरीशेजारी, चुलीचा धूर तोंडावर घेत, मी मनातून गाडी सोडून दिली. म्हटलं, आई, हरले मी. तू दिली होतीस, तूच घेऊन जा. आता काही मागणं नाही. इतके दिवस छातीवर बसलेला दगड उतरावा तसं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचंच मला नवल वाटलं. मग म्हटलं, निरोपाची तरी पूजा नीट करू. बोनेट उघडलं, हळदकुंकवाची बोटं त्या बोल्टाला टेकवली आणि पंचामृताची बरणी तिरकी केली.

"ओ मावशी, थांबा थांबा! वतू नका! लय मुंग्या हाय तिथं, बुडून मरतील ना बिचाऱ्या!"

मी दचकून मागे बघितलं. झाडाखाली छाटणीला जाणाऱ्या बाया गाडीची वाट बघत बसल्या होत्या. बोलीवरून पेठ-सुरगाण्याकडच्या वाटल्या. त्यांतली एक उठून आली होती. माझ्याहून वयाने लहान, सावळी, कपाळावर गोंदण, खांद्याला जेवणाची पिशवी. तिला बहुतेक केसात माळायला फूल मागायचं होतं, पण आता तिचं सगळं लक्ष मुंग्यांत होतं. मी चष्मा वर केला. चाकावरून पत्र्यावर, पत्र्यावरून आत, मुंग्यांची एक लांबलचक ओळ चालली होती, आणि ती थेट माझ्या तांदळ्यात शिरत होती. हळदकुंकवाच्या थराला भेगा पडल्या होत्या. मुंग्या त्या भेगांतून आतबाहेर करत होत्या. आणि भेगांच्या आत लोखंड दिसायला हवं तिथे हिरवट-पांढरा चुरा भरला होता.

ती म्हणाली, "काय लावलंय हे?" मी म्हटलं, "देवीचं आहे." "किती दिसाचं?" "गाडी घेतल्यापासूनचं." ती आणखी वाकून बघायला लागली. "कवाच पुसलं नाय?" मी म्हटलं, "अगं बाई, वाहिलेलं कुंकू पुसायचं कसं?" तशी ती फिसकन हसली. "मंग देवळात काय करतात? आधी कालचं काढतात, देवीला आंघूळ घालतात, मंगच आजचं लावतात. नायतर देवीचं तोंड दिसंल का? आमच्या गावची देवी आमी बायाच धुतो."

मी सांगते, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिचं बोलणं साधंच होतं. माझी आई, सासू, मी स्वतः रोज देवघरात हेच करत आलो. कालचं निर्माल्य काढल्याशिवाय आजचं फूल वाहत नाही. पण गाडीतल्या या देवीच्या अंगावर मी नुसतं चढवत गेले होते, आणि एकदाही तिचं तोंड धुतलं नव्हतं. इकडे ह्यांचं डोकं दुसरीकडे चाललं होतं. हे ओरडले, "अगं, ही काळी वायर म्हणजे बॅटरीचं अर्थिंग! बोल्ट आतून असा खाल्ला गेला असेल तर करंट जाणार कुठून?" पंचामृताची बरणी अजून माझ्या हातातच होती.

मी देवीची माफी मागितली, नमस्कार केला आणि कामाला लागले. आधी ओळ हलावी म्हणून त्या बाईने चिमूटभर साखर टपरीवरून आणून जमिनीवर टाकली. मुंग्या उतरेपर्यंत तिने मला हात लावू दिला नाही. तोवर ह्यांनी टपरीवाल्याकडून किटलीभर उकळतं पाणी आणलं. बॅटरीवरची वायर सुटी केली, बोल्टावर गरम पाणी सोडलं. हळद, कुंकू, दूध, मध, सगळं विरघळून खाली वाहिलं. पाना लावला तर बोल्ट हलेना. हे बोनेटमध्ये वाकायला निघाले तशी मी त्यांना दम देऊन सरळ उभं केलं आणि स्वतः पान्यावर सगळा जोर टाकला. कचकन सुटला. वायरीचं टोक, बोल्ट, खालचा पत्रा, तिन्ही नारळाच्या शेंडीने आणि मग टपरीवाल्याकडच्या पॉलिश पेपरने घासले. काय सांगू, खालून असं चकचकीत लोखंड निघालं! पुसून, कोरडं करून, बोल्ट गच्च आवळला. वायर जोडली.

एवढ्यात बागवाल्याची जीप आली आणि बाया भराभर चढल्या. मी हात पुसून पाटीतून झेंडूची ओंजळ भरेपर्यंत ती बाईही चढली होती. मी पळत जाऊन फुलं तिच्या ओटीत टाकली. नाव विचारायचं सुचलंच नाही. जीप हलली. मी गाडीत बसले, आईचं नाव घेतलं, चावी फिरवली. अर्ध्या दणक्यात इंजिन चालू! मी आनंदाने हॉर्नवर हात ठेवला तर काय तो खणखणीत आवाज! वायपर जागचा हलला नाही. पुढे गेलेल्या जीपमधून सगळ्या बायांनी वळून हात हलवले. ती कोणती होती ते एवढ्या हातांत ओळखू आलं नाही.

वाटेत ह्यांनी सलीमभाईंना फोन लावून सगळी कहाणी सांगितली आणि विचारलं, "अहो, तुम्ही एवढं सगळं तपासलंत, तो बोल्ट नाही बघितला?" सलीमभाई आधी खाकरले. मग म्हणाले, "बघितला ना भाऊ. लेकिन उसपे माताजी का कुंकू था, फूल था. भाभीने एवढ्या श्रद्धेने लावलेलं, मी कसा हात लावू? आजूबाजूचं सगळं चेक केलं, वो एक छोड के." ते हसायला लागले, हे हसायला लागले, आणि मला आठवलं की पंचवटीतला इलेक्ट्रिशियनसुद्धा त्या बोल्टाला नमस्कार करून मीटर दुसरीकडे लावून बसला होता. ज्या जागी दुखत होतं, नेमकी तीच जागा मी देवाची म्हणून सगळ्यांच्या हातापासून राखली होती. मी हसता हसता रडले की रडता रडता हसले, मला ठाऊक नाही.

गडावर आईपुढे उभी राहिले. डोळे भरून बघितलं. घरून निघताना केवढी मोठी फिर्याद घेऊन निघाले होते, आणि आता तोंडातून फक्त आई, आई एवढंच येत होतं. कुणी म्हणेल योगायोग. म्हणू दे. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी हट्टाने मागत होते तोवर माझा हात ओतत राहिला, आणि सोडून दिलं त्याच घटकेला कुणीतरी तो हात धरला. मुंग्यांची दया येणारी ती बाई कोण, कुठली, मला माहीत नाही. तिच्या तोंडून जे बोलणं आलं ते माझ्या रुसव्याला उत्तर होतं, हे मात्र मी छातीठोकपणे सांगेन.

दर्शन घेऊन गाडीपाशी आलो. मी शब्दाची पक्की. म्हटलं, "अहो, ठरल्याप्रमाणे मी हरले. गाडी वाटेत अडली होती. सोमवारी त्या माणसाला येऊ दे." ह्यांनी खिशातून फोन काढला, माझ्यासमोरच त्या माणसाला लावला आणि सांगितलं की गाडी द्यायची नाही, माफ करा. फोन ठेवून माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अडली कुठे होती? मी चहा प्यायला थांबलो होतो."

मग आम्ही घाट उतरू लागलो. मी चालवायला लागल्यापासून हे शेजारी बसले की एक हात दाराच्या कडीला आणि पाय त्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर, असंच असायचं. प्रत्येक वळणाला "हळू, हळू". त्या दिवशी पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आवाज नाही. बघते तर हे गाढ झोपलेले. मान खिडकीकडे कललेली, दोन्ही हात मांडीवर मोकळे, कपाळावर गडावरचं कुंकू. खाली खोल दरी, आणि ह्यांना कशाची म्हणून फिकीर नाही.

आजही काही बिनसलं की मी आधी घाबरते, चिडते, देवीशी भांडते, आणखी काय काय ओतता येईल ते शोधत सुटते. स्वभाव जात नाही. मग मला घाटातलं ते झोपलेलं तोंड आठवतं. आईच्या गाडीत आपण असं बसावं, एवढीच तिची इच्छा असेल, असं वाटतं आणि हातातली बरणी मी हळूच खाली ठेवते.